मातीची बाई, आगीचा माणूस आणि ओळख पटण्याची गोष्ट

या अंकात पुस्तकांविषयी लिहायचे ठरवले तेव्हा मनात होते ती आपल्या समाजाच्या इतिहासावरची पुस्तके. पण गेल्या हिवाळ्यात नातीने माझ्या पलंगाजवळच्या टेबलावर दोन जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या आणून ठेवल्या आणि म्हणाली, "आजी, या वाच. मग आपण बोलू." पहिले पान उघडण्याआधीच मी विचारले, "भुताखेतांचे आहे का गं?" ती हसली. "आहे आणि नाहीही," म्हणाली. वाचून झाल्यावर मला तिचे उत्तर पटले. म्हणून आज त्या दोन पुस्तकांविषयी, आणि ज्या प्रकारात ती मोडतात त्या प्रकाराविषयी लिहिते आहे.

अमेरिकेत या प्रकाराला 'अर्बन फँटसी' म्हणतात. सोप्या मराठीत सांगायचे तर शहरातल्या अद्भुताच्या गोष्टी. राजवाडे, ढाल-तलवारी, दूरदेशीचे राक्षस यांत नसतात. गोष्ट घडते ती आपल्या ओळखीच्या शहरात, जिथे ट्रॅम आहे, बेकरी आहे, घरभाडे द्यावे लागते. त्याच गल्लीत कुणी जादूगार राहतो, कुणी मेलेला चालतो, कुणी आगीचा माणूस भांड्यांना कल्हई करतो, आणि शेजाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो. लॉरेल हॅमिल्टन यांची अनिता ब्लेक १९९३ साली सेंट लुई शहरात अवतरली. जिम बुचर यांचा हॅरी ड्रेस्डेन २००० साली शिकागोत आला. हा जादूगार टेलिफोन डिरेक्टरीत आपल्या धंद्याची जाहिरात देतो. शार्लेन हॅरिस यांची सूकी २००१ साली लुइझियानातल्या एका लहानशा गावात खानावळीत वेट्रेस म्हणून काम करू लागली. एकेका मालिकेत दहा-दहा, पंधरा-पंधरा पुस्तके.

हे सगळे अगदी परके वाटते का? मला तरी वाटले नाही. मुंबईत वाढलेल्या आपल्या पिढीने सर्क्युलेटिंग लायब्ररीतून बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड आणून एका रात्रीत फस्त केले आहेत. पुस्तक परत करायला गेल्यावर "नवीन आला का?" हाच पहिला प्रश्न. पुढे नारायण धारप आले. त्यांचा 'समर्थ' हा माणूस अघोरी शक्तींशी झुंजतो आणि अप्पा ती हकीगत आपल्याला सांगतो. शिकागोचा ड्रेस्डेन मला समर्थांचा दूरचा अमेरिकन भाऊच वाटला. त्याआधी 'चांदोबा' मासिकातला विक्रम आणि वेताळ होताच. दर महिन्याला तेच स्मशान, तेच झाड, तेच खांद्यावरचे ओझे, आणि गोष्ट मात्र नवी.

मालिकेचे मर्म यातच आहे. वाचकाला ओळखीचे घर हवे असते आणि त्या घरात नवा पाहुणा हवा असतो. हा करार मोडला की वाचक चिडतो. बुचर यांचे पंधरावे पुस्तक २०१४ साली आले आणि सोळावे थेट २०२० साली. सहा वर्षे वाचकांनी वाट पाहिली, कुरकुर केली, पण सोडून गेले नाहीत, कारण या लेखकाने आपल्या जगाचे नियम कधी हवे तसे वाकवले नव्हते. उलट हॅरिस यांनी २०१३ साली तेराव्या पुस्तकात सूकीची कथा संपवली तेव्हा बऱ्याच वाचकांना तिचा जोडीदार पसंत पडला नाही, आणि त्यांनी लेखिकेवर राग काढला. आपल्या मुलीचे लग्न न विचारता लावून दिल्यासारखे त्यांना वाटले! माझ्या मते यात लेखिकेचा दोष नाही. वाचक मालिकेवर प्रेम करतो म्हणजे तिचा मालक होतो असे नाही. पण त्या रागामागे माया होती, हेही विसरू नये.

आता मुख्य पुस्तकांकडे येते. लेखिका हेलेन वेकर. पहिल्या कादंबरीचे नाव 'द गोलेम अँड द जिनी', प्रकाशन २०१३. दुसरीचे 'द हिडन पॅलेस', प्रकाशन २०२१. वेकर स्वतः ज्यू आहेत, त्यांचे पती अरब-अमेरिकन. दोन्ही घराण्यांच्या हकिगतींवर त्या साध्या, वास्तव कथा लिहीत होत्या. एका मैत्रिणीने सुचवले की तुला अद्भुताची इतकी आवड, मग ते यात का आणत नाहीस? त्यातून ही कादंबरी झाली: यहुदी घराण्याच्या जागी मातीची बाई, अरब घराण्याच्या जागी आगीचा जिन.

'गोलेम' हा शब्द आपल्यापैकी काहींना नवा असेल. तेहिल्लीमच्या १३९व्या स्तोत्रात तो एकदाच येतो, न घडलेल्या देहाच्या अर्थाने. तालमुदात एक गोष्ट आहे: रावा नावाच्या पंडिताने एक माणूस निर्माण केला आणि रब्बी झेराकडे पाठवला. झेराने त्याच्याशी बोलून पाहिले, तो बोलेना. तेव्हा त्याने त्याला सांगितले, परत मातीत जा. पुढे युरोपातल्या यहुद्यांमध्ये प्राग शहराचे रब्बी यहुदा लोव आणि त्यांचा मातीचा रक्षक ही कथा फार पसरली. आपल्या कोकणातल्या वाडवडिलांना ही कथा ठाऊक नव्हती. जिन मात्र शेजारच्या मुसलमान घरांमुळे आणि शलोमो राजाच्या गोष्टींमुळे ओळखीचा होता.

कादंबरी १८९९ सालची. पोलंडच्या बाजूचा रॉटफेल्ड नावाचा एक एकटा माणूस अमेरिकेला निघताना एका बदनाम कबालिस्टाकडून बायको म्हणून मातीची स्त्री घडवून घेतो. जहाजावर तो तिला जागी करतो आणि लगेच आजाराने मरतो. आता ही स्त्री धन्यावाचून न्यूयॉर्कला पोचते. कागदपत्रे नाहीत, नाव नाही. बंदरात पाण्यात उडी मारून ती तळावरून चालत किनाऱ्याला लागते. तिला लोकांच्या इच्छा आणि भीती ऐकू येतात. रस्त्यात एका भुकेल्या मुलाची भूक तिला ऐकू येते, म्हणून ती एका गाडीवाल्याकडचा बटाट्याचा पदार्थ उचलून त्याला देते. पैसे द्यावे लागतात हे तिला माहीतच नाही. गर्दी जमते, आरडाओरड होते. तेवढ्यात एक म्हातारे रब्बी पुढे होतात, पैसे चुकते करतात, आणि तिच्याकडे पाहताच ती काय आहे हे ओळखतात.

वाचकहो, इथे मी पुस्तक खाली ठेवले. या रब्बी मायर यांच्यापुढे दोन वाटा आहेत. शास्त्र काय म्हणते ते त्यांना माहीत आहे, ही बाई धोकादायक ठरू शकते हेही माहीत आहे, आणि तिला नाहीशी करण्याचा उपायही माहीत आहे. ते कित्येक रात्री विचार करतात. शेवटी ते तिला घरात ठेवतात, 'हावा' हे नाव देतात (आपण बायबलात जिला हव्वा म्हणतो तीच, जीवन या अर्थाची), आणि माणसांत कसे वागावे ते शिकवतात. तिला एका बेकरीत कामाला लावतात. पहिल्या दिवसांत ती इतक्या झपाट्याने काम करते की तिला मुद्दाम हळू हात चालवायला शिकावे लागते.

ओळख पटवणाऱ्यापुढे उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाइतके कुणाला माहीत? परंपरा सांगते की दाविद रहाबी कोकणात आले तेव्हा त्यांनी आपल्या बायकांना मासे रांधायला दिले. बायकांनी खवले-पर असलेले मासे घेतले आणि बिनखवल्यांचे बाजूला सारले. त्यावरून त्यांनी ओळखले की शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे तेली इस्राएलचेच आहेत. आणि त्याची दुसरी बाजूही आपण पाहिली. १९६२ साली इस्राएलमध्ये आपल्या लग्नांविषयी शंका काढल्या गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या शेमा म्हणणाऱ्यांना वंशावळ विचारली गेली. १९६४ साली आपल्या लोकांनी येरुशलेममध्ये ठिय्या दिला आणि क्नेसेटने आपल्याला सर्व बाबतींत यहुदी म्हणून मानावे असे सांगितले, तेव्हा कुठे तो प्रश्न निवला. वाचकांपैकी काही जण त्या दिवसांत तिथे होते. म्हणून रब्बी मायर आपल्या खोलीत येरझारा घालतात ती पाने मला नुसती गोष्ट वाटली नाहीत. निर्णय ज्याच्या हाती असतो तो पुस्तक आधी उघडतो की समोरच्या चेहऱ्याकडे आधी पाहतो, हा प्रश्न तिथे आहे.

दुसरीकडे मॅनहॅटनच्या टोकाला, वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या सिरियन वस्तीत, अरबीली नावाचा एक कारागीर जुनी तांब्याची कुपी दुरुस्त करायला घेतो आणि तिच्यातून जिन बाहेर पडतो. शेकडो वर्षांपूर्वी एका मांत्रिकाने त्याला कोंडले आहे, मनगटात लोखंडी कडे अडकवले आहे. त्याला 'अहमद' हे नाव मिळते. तो हाताच्या उष्णतेने धातू वितळवतो, कामात तरबेज होतो, पण त्याला इथे राहायचेच नाही. हावा सगळ्यांसाठी झिजते, अहमद कुणाचेच ऐकत नाही. दोघांनाही झोप येत नाही, हे एवढेच साम्य. रात्री एकट्या बाईने बाहेर पडणे योग्य नाही म्हणून हावा खोलीत बसून कपडे उसवते आणि पुन्हा शिवते. मग आठवड्यातून एक रात्र ती अहमदबरोबर शहरात फिरू लागते. चाळींच्या गच्च्यांवरून, बागांमधून हे दोघे चालतात आणि वाद घालतात: माणसाने आपल्या स्वभावाला आवर घालावा की नाही?

हे फिरणे हा पुस्तकाचा प्राण आहे. वेकर यांनी इथे घाई केलेली नाही. जी सिरियन वस्ती त्या दाखवतात ती आज उरलेली नाही. १९४०च्या दशकात ब्रुकलिनकडे जाणाऱ्या बोगद्याच्या तोंडासाठी तिचा बराच भाग पाडला गेला. कॉफीचे दुकान, जिन्याजवळच्या छतावर जिनाने पत्र्यात उमटवलेले वाळवंट, बेकरीतली पहाटेची लगबग, हे वाचताना भायखळा, माझगाव, उमरखाडीच्या आपल्या जुन्या गल्ल्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. तिथेही यहुदी, मुसलमान, हिंदू, पारशी एकमेकांच्या सणाचे गोड खात होते.

आता दोष. पहिल्या पुस्तकाच्या शेवटच्या भागात लेखिकेने सगळे धागे एकाच गाठीत आवळले आहेत. ज्याने हावाला घडवले आणि ज्याने जिनाला कोंडले त्या दोघांत जन्मोजन्मीचा संबंध निघतो. जन्मांतराची कल्पना कबालात आहे हे खरे, पण इथे ती सोयीसाठी आली आहे असे वाटते. इतका वेळ माणसांच्या स्वभावावर चाललेली गोष्ट अचानक मंत्र-तंत्रावर धावू लागते. दुसऱ्या पुस्तकात उलट तक्रार आहे. १९००पासून १९१५पर्यंतचा काळ, आणि पात्रे इतकी की कुणाकडे लक्ष द्यावे कळत नाही: वाळवंटातली जिनिया, थंडीने पछाडलेली श्रीमंत सोफिया, तारा पोचवणारा मुलगा टोबी, आणि क्राइंडेल नावाची पोरकी मुलगी, जिच्या वडिलांनी तिच्यासाठी दुसरा गोलेम घडवला आहे. अनाथाश्रमाच्या तळघरात लपवलेला तो मुका योसेले आणि त्याला एकटीच सांभाळणारी ती मुलगी ही जोडी इतकी चटका लावते की बाकीची प्रकरणे मला उगीच लांबवल्यासारखी वाटली.

तरी दुसरे पुस्तक वाचावे ते हावा आणि अहमद यांच्या भांडणासाठी. अरबीली वारल्यावर अहमद स्वतःला कामात कोंडून घेतो, दारे बंद करतो. हावा मुलींना स्वयंपाक शिकवायला जाते. दोघेही एकमेकांना दोष देतात आणि दोघेही थोडे बरोबर आहेत. पन्नास वर्षे संसार केलेल्यांना हे समजावून सांगायला नको. पहिल्या आणि दुसऱ्या पुस्तकात आठ वर्षांचे अंतर पडले. इतक्या वर्षांनी वाचक परत आले ते कुपीतून काय निघते हे पाहायला आले नसावेत. ही दोघे अजून रात्री फिरतात का, हे त्यांना पाहायचे होते. लेखक आणि वाचक यांचे नाते म्हणतात ते मला इथे दिसले.

एक आक्षेप आपल्यातले वडीलधारे घेतील, आणि तो योग्य आहे. तोरात जादूटोणा निषिद्ध आहे. मग आपण या गोष्टी नातवंडांच्या हाती का द्याव्यात? माझे उत्तर असे की वेकर यांच्या पुस्तकात जादू करणारा सुखी होत नाही. कबाल्याचा दुरुपयोग करणारा म्हातारा हाच खलनायक आहे, आणि ज्यांना पवित्र शब्दांची भीती वाटते ते रब्बी मायर हेच सज्जन आहेत. मात्र सगळ्या मालिकांविषयी मी असे म्हणणार नाही. हॅमिल्टन यांची पुढची पुस्तके नातवंडांना देण्याआधी आई-वडिलांनी चाळावीत, एवढेच सुचवते.

नातीने आणखी एक मालिका दाखवली, नाओमी नोविक यांची. पहिले पुस्तक 'अ डेडली एज्युकेशन' २०२० साली आले. त्यातल्या नायिकेचे वडील मुंबईकडच्या घराण्यातले. मुंबईचे नाव पाहून मी उत्साहाने वाचायला घेतले. पण पहिले पुस्तक सगळे एका बंदिस्त शाळेत घडते, मुंबई फक्त आठवणीत येते, आणि तीही कडू आठवण. या पुस्तकातल्या केसांविषयीच्या एका मजकुराने काळ्या वाचकांना दुखावले. त्यांनी ते स्पष्ट सांगितले. लेखिकेने जाहीर माफी मागितली आणि पुढच्या आवृत्त्यांतून तो मजकूर काढायचे ठरवले. नोविक यांचे घराणेही अंशतः यहुदी आहे. वाचकाचे ऐकून चूक दुरुस्त करणे यात कमीपणा नाही, हे मला आवडले.

पण या सगळ्या वाचनातून एक सल राहिली. या अमेरिकन पुस्तकांतला यहुदी म्हणजे यिद्दिश बोलणारा, पूर्व युरोपातून आलेला, शब्बाथला खाला खाणारा. १९६५च्या कायद्यानंतर आपले लोकही या देशात आले, दवाखान्यांत, बँकांत, शाळांत नोकऱ्या केल्या, आणि प्रत्येक नव्या सिनेगॉगमध्ये "भारतातले यहुदी? खरेच?" या प्रश्नाला हसून उत्तर दिले. हावासारखेच आपणही हात थोडे हळू चालवायला शिकलो. आपली गोष्ट मात्र या पुस्तकांत आली नाही.

आणि आपल्याकडे गोष्टी काय कमी आहेत? नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले जहाज आणि वाचलेली सात जोडपी. अलिबाग तालुक्यातल्या खंडाळ्याच्या खडकावरच्या खुणा, जिथून एलियाहू हन्नाबी स्वर्गाकडे गेले असे आपण मानतो. पोहे, गूळ, खोबरे, फळे मांडून मलिदा करतो तेव्हा ते येतात हा विश्वास. ओळख न देता दारात येणारा पाहुणा ही कल्पना तर या अर्बन फँटसीच्या मुळाशीच आहे! अर्थात एलियाहू हन्नाबींना कुणी तलवार देऊन शिकागोच्या रस्त्यावर लढायला लावू नये; आपली भक्ती ही कुणाच्या करमणुकीची वस्तू नाही. पण मलिद्याच्या रात्री न्यू जर्सीतल्या एखाद्या फ्लॅटची घंटा वाजते आणि दारात कोण आहे हे आजीलाच तेवढे कळते, अशी गोष्ट आपल्यातल्या कुणा तरुणाने लिहिली, तर मी ती पहिली विकत घेईन.

ती लिहायची तर आधी ऐकलेली हवी. आपले कीर्तनकार योसेफाचे, मोशेचे आख्यान मराठीत साकी-दिंडीत लावायचे तेव्हा समोर बसलेल्या बायकांचे डोळे पाहून कुठे थांबायचे ते ठरवायचे. त्यांना वाचकांशी नाते जोडणे हे कुणी वेगळे शिकवले नव्हते. आपल्यापैकी ज्यांनी ती कीर्तने ऐकली ते आता थोडे उरले. नातवंडे विचारतात तेव्हा "जाऊ दे, जुन्या गोष्टी" असे म्हणून आपणच विषय टाळतो. मीही टाळत होते.

ज्यांना वाचायचे आहे त्यांच्यासाठी: आधी 'द गोलेम अँड द जिनी' घ्या, दुसरे नंतर. पुस्तक पाचशे पानांच्या आसपास आहे, इंग्रजी सोपे आहे. डोळे साथ देत नसतील तर जॉर्ज गिडॉल यांच्या आवाजातले ध्वनिपुस्तक मिळते. त्यांचे वाचन सावकाश, म्हाताऱ्या माणसाने गोष्ट सांगावी तसे आहे. मी अर्धे तसेच ऐकले, भाजी निवडत. आणि ऐकून झाल्यावर नातीला नवगावच्या जहाजाची गोष्ट सांगितली. तिने मध्येच थांबवून विचारले, "सात जोडपी? मग त्यांतली एक आपली होती का?" मी म्हटले, माझ्या आजीनेही हेच तिच्या आजीला विचारले होते म्हणे.